विश्लेषण : ‘कॉइल बदलता येते का?’ ब्रिटनच्या व्हेपबंदीत हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकून द्यायच्या व्हेपच्या, म्हणजे ‘डिस्पोजेबल’ ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. दुकानात कोणते व्हेप ठेवता येईल, हे ठरवताना दुकानदाराला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. बॅटरी पुन्हा चार्ज होते का, द्रव पुन्हा भरता येतो का आणि कॉइल बदलता येते का? पहिल्या दोन गोष्टी उपकरण हातात घेतले की कळतात. तिसरीचा अर्थ मात्र व्हेप ओढणाऱ्या अनेकांनाही नीट ठाऊक नसतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेला हा सुटा भाग कायद्यात का आला, तो कधी बदलायचा आणि बदलल्याने नेमके काय साधते?

बंदी कशासाठी आली?

या बंदीकडे आरोग्याचा कायदा म्हणून पाहिले जाते, पण इंग्लंडमधील नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेले आहेत. ‘मटेरियल फोकस’ या संस्थेच्या २०२३ मधील पाहणीनुसार ब्रिटनमध्ये दर आठवड्याला सुमारे ५० लाख डिस्पोजेबल व्हेप कचऱ्यात किंवा रस्त्यावर फेकले जात होते. प्रत्येकात एक लिथियम बॅटरी. २०२२ या एका वर्षात फेकलेल्या व्हेपमध्ये ४० टनांहून अधिक लिथियम होते, त्यातून ५ हजार विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या झाल्या असत्या, असे तेथील सरकारने सांगितले. कचऱ्याच्या गाडीत या बॅटऱ्या दाबल्या जाऊन आगी लागत होत्या, ते वेगळेच. ऋषी सुनक यांच्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये बंदीची घोषणा केली, स्टार्मर सरकारने ती अमलात आणली. त्याआधी बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून, तर फ्रान्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच निर्णय घेतला होता.

नियम मोडणाऱ्या इंग्लंडमधील विक्रेत्याला पहिल्या वेळी २०० पौंड दंड आहे. पुन्हा पुन्हा तेच केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कॉइलचा उल्लेख नियमात का करावा लागला?

कारण उत्पादकांची पुढची चाल सरकारला दिसत होती. जुन्याच डिस्पोजेबल व्हेपला खाली चार्जिंगचे छिद्र पाडले की कागदोपत्री ते ‘पुन्हा वापरता येणारे’ झाले असते. प्रत्यक्षात आतली कॉइल काही दिवसांत करपली असती आणि चांगली बॅटरी असलेले उपकरण पुन्हा कचऱ्यातच गेले असते. म्हणून मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केले गेले की, वापरणाऱ्याला स्वतः कॉइल बदलता येत नसेल तर ते उपकरण ‘रिचार्जेबल’ धरले जाणार नाही, मग त्याची बॅटरी चार्ज होत असली तरी. कॉइल एखाद्या पॉडच्या आत बसवलेली असेल तर ते चालते. मात्र तसे पॉड बाजारात सुटे मिळाले पाहिजे. ही शेवटची सवलत पुढे महत्त्वाची ठरते.

कॉइल नेमके काय करते?

कॉइल म्हणजे धातूच्या तारेचे किंवा जाळीचे वेटोळे. त्याच्याभोवती किंवा आत कापसाची वात असते. वात टाकीतील द्रव शोषून घेते, बॅटरीचा प्रवाह तारेतून गेला की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. शिवाय निकोटिन, स्वाद आणि बहुतेकदा गोडवा आणणारा पदार्थ. तार सहसा लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, ‘कँथल’ची असते किंवा निकेल आणि क्रोमियमपासून केलेल्या ‘नायक्रोम’ची. काही कॉइल स्टेनलेस स्टीलच्याही असतात.

या रचनेतली मेख वातीच्या ओलेपणात आहे. समईत तेल आहे तोवर वात स्वतः फारशी जळत नाही, तेल संपले की ती करपते. इथेही तसेच. वात ओली असते तोवर तारेची उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. वात कोरडी पडली की या तापमानाला धरून ठेवणारे काही उरत नाही. तार झपाट्याने तापते, कापूस करपतो आणि एकदा करपलेला कापूस पुन्हा ताजा होत नाही.

ती खराब का होते?

गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात आणि पाणी तापायला वेळ लागू लागतो, तशीच गत इथे होते. फक्त क्षारांऐवजी इथे साखरेसारखा थर असतो. द्रवाला गोड करण्यासाठी अनेकदा सुक्रालोज घालतात. त्याची सगळी वाफ होत नाही, तो तारेवर काळपट, चिकट थर होऊन साचतो. द्रव जितका गोड आणि गडद, तितकी कॉइल लवकर जाते. मिठाईच्या, कोल्ड्रिंकच्या किंवा पिकलेल्या आंब्याच्या स्वादाचे द्रव वापरणाऱ्याची कॉइल आठवडाभरात काळी पडते, तर साध्या स्वादाचे द्रव वापरणाऱ्याची दोन आठवडे आणि कधी त्याहून अधिकही टिकते.

इतर कारणे बहुतांशी वापराच्या सवयींची आहेत. नवी कॉइल बसवल्यावर कापसावर थोडा द्रव टाकून पाच-दहा मिनिटे थांबावे लागते. घाईने पहिलाच झुरका घेतला तर नवी कॉइल पहिल्या मिनिटातच जळते. एकामागून एक झुरके घेतले तर वातीला द्रव ओढायला वेळ मिळत नाही. टाकीत द्रव तळाशी गेल्यावरही ओढत राहणे, कॉइलवर छापलेल्या वॅटच्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती देणे, लहान छिद्रांच्या कॉइलमध्ये जास्त ग्लिसरीनचे दाट द्रव घालणे, या सगळ्याचा शेवट करपलेल्या कापसात होतो.

बदलायची वेळ कशी ओळखतात?

पहिले लक्षण जिभेला कळते. स्वाद फिका होतो, मग करपट लागू लागतो. वाफ कमी येते. टाकीतला द्रव भरताना होता त्यापेक्षा गडद दिसतो. झुरका घेताना गुडगुड आवाज येतो किंवा खालून गळती सुरू होते. गळतीचे कारण दर वेळी जुनी कॉइलच असते असे नाही, सैल बसलेली कॉइल किंवा खराब झालेले रबरी कडेही असू शकते. करपट चवीबाबत मात्र फारशी शंका घ्यायला जागा नसते. शक्ती कमी करून, द्रव भरून, थोडा वेळ थांबूनही चव तशीच राहिली तर कॉइल संपलेली असते.

कॉइल धुऊन पुन्हा वापरण्याचा खटाटोपही केला जातो. तार आणि कापूस दोन्ही स्वतः बसवण्याची सोय असलेल्या उपकरणांत तार साफ करून नवा कापूस घालता येतो. कारखान्यात बंद करून आलेल्या कॉइलमध्ये कापूस बदलता येत नसल्याने धुण्याचा उपयोग जवळपास नाही. संपर्काची टोके पुसणे, टाकी अधूनमधून कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे, एवढीच खरी देखभाल.

करपट चव हा पुरेसा इशारा आहे का?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांत जाहीर वाद झालेला आहे. अमेरिकेतील पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिले की, ५ व्होल्टवर तापवलेल्या द्रवाच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे सापडली, ३.३ व्होल्टवर सापडली नाहीत. त्यावर ग्रीक संशोधक कॉन्स्टंटिनोस फार्सालिनोस यांचा आक्षेप असा की, इतक्या तापलेल्या कोरड्या कॉइलचा झुरका माणसाला सहनच होत नाही. जे यंत्र ओढते ते माणूस ओढणार नाही. हा आक्षेप बराचसा पटण्याजोगा आहे. पण त्यातून हेही निघते की, करपट चवीकडे दुर्लक्ष करून ‘आजचा दिवस चालवू’ म्हणणारा माणूस नेमक्या त्याच पट्ट्यात शिरतो, जिथे घातक अल्डिहाइड तयार होतात.

धातूंचे काय? तिथे जीभ काहीच सांगत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची उपकरणे तपासली. मूळ बाटलीतील द्रवात धातू नगण्य होते. तोच द्रव कॉइलच्या संपर्कात आल्यावर वाफेत शिसे, क्रोमियम, निकेल, मँगनीज आढळले. शिशाचे मध्यमान प्रमाण बाटलीतल्यापेक्षा २५ पटींहून अधिक होते. या अभ्यासातली एक नोंद कॉइल बदलण्याच्या सल्ल्याला चांगलाच छेद देते. जे लोक कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या वाफेत धातूंचे प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला. म्हणजे नवी तार धातू अधिक सहज सोडते, अशी शक्यता.

याच्या उलट टोकाचा निष्कर्ष २०२५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी मांडला. त्यांनी डिस्पोजेबल व्हेप तपासले. त्यांत झुरक्यांची संख्या वाढत गेली तसे निकेल आणि क्रोमियम वाढत गेले. एका उपकरणाच्या दिवसभराच्या वापरातून सिगारेटच्या जवळपास २० पाकिटांपेक्षा जास्त शिसे बाहेर पडले. हे शिसे तापणाऱ्या तारेतून नव्हे, तर शिसेमिश्रित कांस्याच्या सुट्या भागांतून द्रवात उतरले होते.

दोन्ही अभ्यासांतील उपकरणे वेगळी असल्याने एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले असे म्हणता येत नाही. एवढे मात्र दिसते की, वेळेवर कॉइल बदलणे हा करपण्यावरचा उपाय आहे, धातूंवरचा नाही. ‘नवी कॉइल म्हणजे स्वच्छ वाफ’ असे सांगून विकणाऱ्याकडे त्याचा पुरावा नसतो.

मग नियमाने काय साधले?

नियमाने कॉइल बदलण्याची सोय सक्तीची केली, ती बदलण्याची सवय लावणे नियमाच्या हातात नव्हते. बंदी लागू होताच त्याच नावांचे, त्याच रंगांचे व्हेप पॉड बदलता येण्याजोगे होऊन बाजारात आले. किंमतही जुन्या डिस्पोजेबलच्या आसपासच राहिली. नवे पॉड शोधण्यापेक्षा नवे व्हेपच घेऊन टाकणे सोपे असेल तर गिऱ्हाईक काय करेल, हे सांगायला नको.

पॉडच्या आत कॉइल चालेल, या सवलतीचा परिणामही तपासायला हवा. सुटी कॉइल बदलली तर कचऱ्यात जाते ती चिमूटभर धातू आणि कापूस. पॉड बदलले तर प्लास्टिकची टाकीही जाते. बॅटरी वाचते, हा फायदा खरा आहे आणि लिथियमच्या आगी हेच मूळ दुखणे असल्याने तो लहानही नाही. पण पॉड घेणाऱ्याला कॉइलची स्थिती दिसत नाही. द्रव संपेपर्यंत ओढायचे, एवढेच त्याला ठाऊक. काही पॉड पुन्हा भरता येतात, त्यात तर तीच कॉइल तिसऱ्या-चौथ्या भरणीपर्यंत ओढली जाते.

त्यात १ ऑक्टोबर २०२६ ही ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवावर नवा कर लागू होण्याची ठरलेली तारीख आहे. दर १० मिलिलिटरमागे २.२० पौंड. हा कर द्रवावर आहे, उपकरणावर नाही. द्रव महागल्यावर माणसे कशात काटकसर करतील? कमी ओढतील, हा सरकारचा हिशेब. कॉइल आणखी चार दिवस चालवतील, ही शक्यताही नाकारता येत नाही.

भारतात स्थिती काय?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कायद्यातील शब्द ‘पूर्ण उत्पादन किंवा त्याचा कोणताही भाग’ असे आहेत. त्यामुळे सुटी कॉइल, पॉड किंवा टाकी मागवणे आणि विकणे हेही बंदीत येते. शिकायला ब्रिटनला गेलेल्या मुलांनी सुट्टीत परतताना हे लक्षात ठेवायला हवे. लंडनच्या कोपऱ्यावरील दुकानात रीतसर पावतीसह मिळालेली कॉइलची डबी मुंबईच्या विमानतळावर बेकायदा आयात ठरते.

बंदी असूनही चोरट्या मार्गाने आलेले व्हेप शहरांत विकले जातात आणि ते बहुतेक डिस्पोजेबल असतात. त्यांत कॉइल कोणत्या धातूची, शक्ती किती, निकोटिन किती, यावर कोणाचीही देखरेख नाही. ब्रिटनमध्ये टाकीला २ मिलिलिटर आणि निकोटिनला दर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इथल्या चोरट्या मालाच्या वेष्टनावर हजारो झुरक्यांचा दावा छापलेला असतो. त्यातली न बदलता येणारी कॉइल पहिल्या झुरक्यापासून शेवटच्या झुरक्यापर्यंत तीच असते आणि रिकामे झालेले उपकरण बॅटरीसकट सुक्या-ओल्या कुठल्याही डब्यात जाते.