डब्यांची चूल आणि मळवलीची सहल

पावसाळा ओसरला म्हणजे पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलमधून मळवलीस उतरणाऱ्या तरुण मंडळींची गर्दी वाढूं लागते. भाज्याचीं लेणीं, लोहगड, विसापूर हीं सारीं येथून पायीं जाण्याजोगीं. पाठीवरच्या पिशवींत चहाचा सरंजाम असतोच. त्यांत रिकाम्या डब्यांची, घरीं केलेली हलकी चूलहि कधीं कधीं दिसते. हुन्नर कौतुकाचा खरा. परंतु मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं वडील माणसांनीं त्याचे गुणदोष जाणून घेतलेले बरे.

ह्या चुलींचे दोन प्रकार. पहिली स्पिरिटची. प्रायमस पेटविण्यापूर्वीं त्याच्या वाटींत स्पिरिट जळतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तिचें मर्म सांगावयास नको. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या दोन डब्यांचे तळ कापून, एकांत एक बसवून, काठाभोंवतीं बारीक भोकें पाडलीं कीं ती तयार. अर्धा लिटर पाणी उकळण्यास हिशेबानें सात-आठ मिलिलिटर अल्कोहोल पुरावें; पण बरीच उष्णता वाऱ्यावर जाते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरावें. मात्र हिची ज्वाला भर उन्हांत जवळजवळ दिसतच नाहीं. विझली असें समजून वरून स्पिरिट ओतलें तर भडका उडतो. बाजारी स्पिरिटांत बहुधा मिथेनॉलसारखीं विषारी द्रव्यें असतात, आणि तें दिसतें पाण्यासारखें! शिवाय ज्वालाग्राही पदार्थ आगगाडींतून नेणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्यानें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तेव्हां लोकलनें जाणाऱ्यांनीं हिचा नाद सोडावा.

दुसरी चूल काटक्यांची. एका मोठ्या डब्यांत लहान डबा असा बसवावा कीं, दोहोंमध्यें बोटभर पोकळी राहील व वरचें तोंड बंद होईल. आतल्या डब्यास तळाशीं व वरच्या काठाखालीं भोकें पाडावीं; बाहेरच्यास केवळ खालच्या बाजूस. काटक्या भरून वरून पेटवाव्या. तापलेलें लाकूड धूर सोडतें. साध्या चुलींत तो डोळ्यांत जातो आणि वायांहि जातो. येथें पोकळींतून चढतां चढतां तापलेली हवा वरच्या भोकांतून त्या धुरास मिळते, आणि तो धूरच जळूं लागतो. म्हणून थोड्याशा वाळक्या काटक्यांवर चहा होतो. डबा जस्ताचा मुलामा दिलेला मात्र नसावा. त्याची वाफ अपायकारक असते.

आतां ती पेटवावी कोठें? भाज्याचीं लेणीं व लोहगड हीं संरक्षित स्मारकें आहेत. अशा ठिकाणीं नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करण्यास १९५९ च्या नियमांनीं मनाई आहे. २०२५ सालीं तर लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशांत दाखल झाला. शिवाय दिवाळीनंतर डोंगरावरचें गवत वाळतें, आणि एक ठिणगी सारा उतार जाळूं शकते. म्हणून पायथ्याच्या गांवांत, घरधन्याची परवानगी घेऊन, झाडलेल्या अंगणांत सपाट दगडावर ही चूल मांडावी. शेजारीं पाण्याची बादली असावी. राख हाताला गार लागल्याखेरीज जागा सोडूं नये. तंबूंत वा बंद खोलींत कोणतीहि चूल पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास.

मुलांनीं पहिल्यानें ती घरच्याच अंगणांत वडिलांसमक्ष पेटवून पाहावी. गडावर जातांना मात्र चहा थर्मासांतूनच न्यावा.