रिपोर्ट आधी कोणाला दाखवायचा?

'तुझं इंग्रजी चांगलंय, बघ जरा काय लिहिलंय.' मावशीच्या पेट-सीटी स्कॅनची पीडीएफ आणि काकांचा हा मेसेज रात्री साडेनऊला आला. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर असल्याचं आठवड्यापूर्वीच कळलेलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची.

मी वाचायला बसले. 'लीजन', 'अपटेक', 'एसयूव्ही मॅक्स'... एकेक शब्द गुगल केला. छातीच्या मधल्या गाठींमध्ये अपटेक आहे, असं एक वाक्य होतं. फोटोत मेंदू आणि मूत्राशय काळेकुट्ट. मी काकांना सांगून टाकलं, 'पसरलाय बहुतेक.' पुढचे दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. या स्कॅनआधी साखरेसारखा एक किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात, तिथे तो साठतो. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी अशा खादाड असतात, म्हणून दिसतात. पण मेंदूही साखरेवरच चालतो. आणि उरलेला पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्राशय दिसतं. संसर्ग असो, सूज असो, टीबी असो, तिथेही अपटेक दिसू शकतो. 'लीजन' म्हणजे फक्त वेगळा दिसणारा भाग, कॅन्सरच असं नाही. एसयूव्हीचा आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन केला, मशीन कोणतं, यानेही तो बदलतो.

मग त्यांनी विचारलं, 'पूर्वी टीबी झाला होता का?' मावशी म्हणाली, 'हो, दहा वर्षांपूर्वी.' स्कॅनच्या फॉर्मवर ती जागा कोरी होती. फॉर्म मीच भरला होता, तिला न विचारता. सुईने गाठीतला नमुना काढून तपासला, त्यात कॅन्सर निघाला नाही.

गुगलला शिव्या देणं सोपं आहे. खरं तर 'मला कळत नाही' म्हणायची मला लाज वाटली. इंग्रजी येतं म्हणून आपण घरचे डॉक्टर होतो, आणि घरच्यांनाही ते सोयीचं असतं. माझं स्पष्ट मत आहे, असा रिपोर्ट आला की आपण शेवटचं 'इम्प्रेशन' वाचावं, प्रश्न वहीत लिहावेत, जुने रिपोर्ट शोधून फाइलला लावावेत आणि निष्कर्ष डॉक्टरांवर सोडावा. स्कॅन सेंटरवाल्यांनीही नुसती पीडीएफ ढकलण्याऐवजी सोबत अर्धं पान मराठीत द्यायला काय हरकत आहे? मेंदू काळा दिसणारच, एवढं जरी त्यात असतं, तरी माझी अर्धी रात्र वाचली असती.

आणि हो, त्या दोन दिवसांत रिपोर्ट मावशीला कोणी दाखवलाच नव्हता. 'तिला टेन्शन नको' म्हणून. टीबीचं तिने पहिल्याच रात्री सांगितलं असतं.