दिवा लागला, पण दोषी कोण?

गाडी 'पीयूसी'ला नापास झाली की घरात पहिली चर्चा होते ती खर्चाची. जयपूरच्या सीकर रोडलगतच्या मुरलीपुऱ्यातले एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणा. दारात जुनी पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, आणि मिस्त्रीने सांगून टाकलेले, "साब, कन्वर्टर गया." कन्वर्टर म्हणजे हजारोंची बाब. तेवढ्यात आतून प्रश्न येतो, "अहो, पण नक्की काय बिघडलंय ते कुणी तपासलंय का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. कॅटॅलिटिक कन्वर्टर म्हणजे धुराच्या नळीतले मधाच्या पोळ्यासारखे भांडे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंच्या लेपामुळे विषारी वायूंचे रूपांतर त्यात कमी घातक वायूंत होते. भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. शिसे हा त्याचा शत्रू. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून 2000 साली हद्दपार झाले.

कन्वर्टरच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. ते धुरातला प्राणवायू मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवतात. म्हणजे सेन्सर हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने तक्रार केली म्हणून त्यालाच बदलणे शहाणपणाचे नाही, आणि त्याच्या एका शब्दावर कन्वर्टरला फाशी देणेही नाही.

आधी स्वस्त कारणे पाहावीत. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? राजस्थानात हे हमखास होते. स्पार्क प्लग खराब आहेत का? धुराची नळी सेन्सरच्या आधी कुठे फुटली आहे का? फट असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सर फसतो. सेन्सरची तार गरम नळीला लागून वितळली आहे का? स्टिअरिंगखालच्या सॉकेटला कोड वाचणारे यंत्र लावले, तर पुढचा रस्ता दिसतो.

इंजिन चांगले तापल्यावर नेहमीच्या जातीच्या पुढच्या सेन्सरचा आकडा 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. मागच्याचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर कन्वर्टरवर संशय घ्यावा. पुढचा आकडा एकाच जागी अडकून राहिला, तर तो सेन्सर किंवा त्याची तार पाहावी. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्याला हे माप लागू नाही.

सेन्सरच बदलायचा ठरला, तर खरी परीक्षा तो काढताना होते. वर्षानुवर्षे तापून त्याचे आटे गंजून घट्ट बसतात. आदल्या संध्याकाळी, नळी गार असताना, आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी मोकळ्या अंगणात इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. नळी कोमट हवी, लालबुंद नव्हे. हातात जाड मोजे असावेत. बॅटरीची ऋण तार काढावी, सेन्सरचा प्लग सोडवावा. मग तार सरकण्यासाठी फट असलेला, सहसा 22 मिलिमीटरचा पाना लावून सलग जोर द्यावा. थोडा फिरून अडला, तर उलटा अर्धा फेरा घट्ट करावा, तेल सोडावे, पुन्हा सैल करावा. हातोडीने ठोकू नये. एवढे करून हलला नाही, तर तिथेच थांबावे. आटे मोडले की नळीच बदलावी लागते, आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात.

नवा सेन्सर बसवताना आट्यांवर आधीच लेप असेल तर काही लावू नये. नसेल तर उष्णता सोसणारा खास लेप थोडासा, फक्त आट्यांवर. टोकाला बोटही लागू नये. सिलिकॉन सेन्सरला मारते.

आता सर्वांत महत्त्वाचे. थंडीत दार लावलेल्या पोर्चमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस ओरडण्याआधीच गुंगीत जातो. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. स्टँड लावावेत, चाकांना अडण द्यावी.

आणि कन्वर्टर काढून तिथे साधी नळी बसवण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर ऐकू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या गाडीचा धूर सर्वांत आधी आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकात जातो.