दुखेला कोणी विकले?

गंगेच्या मुखाशी, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात पसरलेले सुंदरबन आज कलावंतांचा आवडता विषय झाले आहे. बुडणारी बेटे, तिवरांची मुळे, पट्टेरी वाघ! प्रेक्षक हळहळतो आणि निसर्गाचा कोप म्हणून घरी जातो. या हळहळीवरच माझा आक्षेप आहे.

तेथील लोककथा असे समाधान देत नाही. लोभी धोना गरीब विधवेच्या मुलाला, दुखेला, नावेतून जंगलात नेतो आणि मध-मेणाच्या मोबदल्यात व्याघ्ररूपी दक्षिणरायाच्या स्वाधीन करतो. वनदेवी बोनबीबी दुखेला वाचवते. पण दक्षिणरायाला ठार करीत नाही, मर्यादा घालून देते. वनात रिक्त हस्ताने, शुद्ध मनाने यावे, गरजेपुरतेच न्यावे, हा तिचा नियम. कथेतील खरा अपराधी वाघ नव्हे, धोना आहे.

2009 च्या ऐला वादळात बांध फुटले, शेतांत खारे पाणी शिरले. पीक गेले, तेव्हा पुरुष परप्रांती गेले किंवा खेकडे आणि मध आणण्यासाठी वाघाच्या वाटेवर उतरले. सागराची पातळी वाढवणारा धूर त्यांच्या चुलीतला नव्हता. तरीही विनापरवाना वनात मेलेल्याच्या विधवेला भरपाई अनेकदा नाकारली गेली आहे. धोना आज शहरात राहतो. तो चित्रांत का दिसत नाही? 2021 साली अमिताव घोष यांनी ‘जंगलनामा’त ही कथा पद्यात सांगितली, सलमान तूर यांनी ती चितारली, तेथे लोभच केंद्रस्थानी आहे. कलेने हेच करावे.

कोणी श्रद्धाळू विचारील, परक्यांच्या देवतेशी आपल्याला काय कर्तव्य? हिंदू आणि मुसलमान दोघेही वनात शिरण्यापूर्वी तिला स्मरतात. आपण तिची भक्ती करावी, असे कोण म्हणतो? परंतु वीस रुप्यांना भावांनी विकलेला योसेफ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दुखे परका कसा? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात धरणीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले, तो हाच.

आणि आपल्या खाडीकाठचे काय? 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात तिवरतोडीस मनाई केली. भराव मात्र थांबले नाहीत. त्या भरावावरील सदनिकेत सुंदरबनाचे चित्र टांगण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, या घरासाठी कोणता दुखे विकला गेला?