नवशिक्या विनोदकाराचा कैवार

हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत एक तक्रार वारंवार कानी येते. मुंबई-पुण्यात उपाहारगृहांच्या माड्यांवर आणि तळघरांत संध्याकाळी दहा-वीस तरुण-तरुणी जमतात. पाळीपाळीने ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून चार-पाच मिनिटे आईबापांविषयी, कचेरीविषयी, लोकलमधील गर्दीविषयी बोलतात. आणि त्यांतील बहुतेकांच्या बोलण्याने कोणास हसू येत नाही. या प्रकारास 'ओपन माइक' म्हणतात, आणि स्टँड-अप कॉमेडी करू इच्छिणाऱ्याची उमेदवारी येथेच सुरू होते. तक्रारदारांचा प्रश्न असा की, ज्यास हसवता येत नाही त्याने चारचौघांत उभे तरी का राहावे? आधी घरी बसून शिकावे, मग लोकांपुढे यावे.

हा उपदेश दिसावयास समंजस आहे; म्हणूनच त्याचा समाचार घेणे अवश्य आहे. घरी बसून शिकता येण्याजोग्या कला पुष्कळ आहेत. कवी वहीत खाडाखोड करतो. गवई दार लावून रियाज करतो. नट तालमीत चुकतो आणि प्रयोगात सुधारतो. विनोदकारास अशी बंद खोली उपलब्ध नाही, कारण त्याच्या कलेचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या ठिकाणी असतो. एक साधे वाक्य घ्या: 'आमच्या घरमालकाला माणसांची भारी हौस, दोन खोल्यांत त्याने ठेवलेत नऊ जण.' हेच उलटे करून, 'दोन खोल्यांत नऊ जण ठेवणाऱ्या आमच्या घरमालकाला माणसांची भारी हौस आहे,' असे म्हणा, आणि हसू जागच्या जागी मरते. शब्द तेच, माहिती तीच. केवळ आकडा आधी कळला. इतके कदाचित कागदावरही उमगेल. परंतु 'हौस' या शब्दानंतर किती थांबावे, आवाज कोठे उतरवावा, 'नऊ' सांगावे की 'अकरा', हे आरसा सांगत नाही. ते चाळीस अनोळखी माणसेच सांगतात, आणि तीही बहुधा न हसून सांगतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. मानुषी सिद्धीची लक्षणे सांगताना तेथे प्रेक्षकांचे स्मित, अर्धहास्य आणि अतिहास्य यांची गणना केलेली आहे. म्हणजे हसू हे प्रयोगाचे केवळ बक्षीस नव्हे, तर मोजमापही आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींस ठाऊक होती. ज्यांच्या हाती हे मोजमाप आहे त्यांच्यापासून दूर बसून शिका असे सांगणे, म्हणजे पाण्यात न उतरता पोहावयास शिकण्याची शिफारस करणे होय.

यावर कोणी म्हणेल, पु. ल. देशपांडे कोठे असे पडत-झडत शिकले? 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि तिचे एकपात्री प्रयोग त्यानंतर झाले. लेखणीने आधी सिद्ध केलेली संहिता मागाहून रंगमंचावर उभी राहिली. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हाही बांधीव कथानकाचाच प्रयोग. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण ती जात निराळी. एकपात्री प्रयोगात नटास पात्रांचा आडोसा असतो. स्टँड-अपमध्ये 'मी' म्हणून बोलणाऱ्यास आडोसा कसलाच नाही. शिवाय आपल्याकडेही हसविण्याची उमेदवारी लोकांपुढेच होत आली आहे. तमाशातला सोंगाड्या फडात राहूनच तयार होतो. कीर्तनकार बुवांच्या मागे उभा राहून साथ करता करता श्रोत्यांची नाडी ओळखू लागतो. फरक इतकाच की, त्या उमेदवारांच्या पाठीशी फड होता, बुवा होते. आजचा नवशिका एकटा आहे.

तात्पर्य, नाटकवाले ज्यास 'पडणे' म्हणतात ते या कलेत अपघात नसून शिक्षणक्रमच आहे. नवशिक्यास पडण्याचा हक्क असला पाहिजे. आमची तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. हा हक्क हिरावून घेणाऱ्यांविरुद्ध आहे.

त्यांत पहिला क्रमांक भ्रमणध्वनीवरील कॅमेऱ्याचा. कवीची खोडलेली ओळ केराच्या टोपलीत जाते. नवशिक्याची फसलेली ओळ कोणी चित्रित केली की ती गावभर फिरते, आणि तो शहाणा झाल्यावरही त्याच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली जाते. त्याहून वाईट हे की, तो स्वतःही या यंत्राच्या नादी लागतो. एका मिनिटाची चित्रफीत लोकांत पसरावी म्हणून लिहून आणलेला मजकूर बाजूस सारतो आणि पहिल्या रांगेतील कोणाचे तरी आडनाव किंवा पोशाख धरून थट्टा आरंभतो. हसू मिळते, परंतु ते त्याने रचलेले नसते, सापडलेले असते, आणि रचणे शिकावयाचे राहून जाते.

दुसरा अपहारक म्हणजे नवशिक्याकडूनच पैसे घेऊन त्यास पाच मिनिटे विकणारा आयोजक. 'ही शाळा आहे, आम्ही संधी देतो,' हा त्याचा युक्तिवाद नवा नाही. लॉस एंजेलिस येथील 'कॉमेडी स्टोअर'च्या चालक मिट्झी शोर यांनीही आपले स्थळ म्हणजे होतकरूंचे विद्यालय आहे, सबब तेथे मोबदल्याचा प्रश्न उद्भवत नाही, अशीच भूमिका घेतली होती. प्रेक्षकांकडून पैसे घेतले जात. विनोदकारांच्या हाती मात्र काही पडत नसे. १९७९ साली त्यांनी सुमारे सहा आठवडे संप केला, तेव्हा कोठे दर पाळीमागे २५ डॉलर देण्याचे ठरले. आमचा जन्म कॉलेजात शिकविण्यात गेला. त्या अधिकाराने सांगतो की, जेथे शिकविणारा नाही आणि चूक दाखविणारा नाही, ती शाळा नव्हे, भाड्याची खोली होय. खोलीचे भाडे वसूल करावयाचे तर ते ऐकावयास येणाऱ्याच्या चहामागे करावे. शिकावयास आलेल्याच्या खिशातून नव्हे.

तिसरा अपहारक सर्वांत बलवान. ज्याच्या भावना दुखावतात तो, आणि त्याच्या हाकेसरशी धावणारी सत्ता. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे कार्यक्रम थांबविण्यात येऊन मुनव्वर फारुकी यांस अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीस त्यांना अंतरिम जामीन दिला. त्यांचे नाव देशभर झाले. परंतु त्याच प्रकरणात धरलेल्या अप्रसिद्ध तरुणांपैकी काहींस उच्च न्यायालयाकडून जामीन मिळेतो फेब्रुवारीची अखेर आली. त्यांची आठवण किती वाचकांस आहे? पुढे २३ मार्च २०२५ च्या रात्री, कुणाल कामरा यांच्या एका विडंबनगीतावरून सत्तेतील एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खार येथील 'हॅबिटॅट'ची मोडतोड केली, आणि चालकांनी ते स्थळ तूर्त बंद ठेवण्याचे जाहीर केले. राग एका प्रसिद्ध माणसावर होता. पण त्याच मंचावर कित्येक नवशिके उभे राहत असत. त्यांचा गुन्हा कोणता?

येथे विचारी वाचक हरकत घेईल: दुबळ्याची, जातीची, स्त्रीदेहाची हीन थट्टा करणाऱ्यासही हा हक्क देणार काय? देणार, कारण हा हक्क पडण्याचा आहे, टाळ्या मिळविण्याचा नव्हे. हीन थट्टा करणाऱ्यास भरल्या खोलीच्या मौनाइतका परिणामकारक दंड कोणत्याही संहितेत लिहिलेला नाही. तुरुंगातून तो हुतात्मा होऊन येतो. मौनातून येतो तो खजील होऊन. मात्र त्यासाठी श्रोत्याने मौन पाळले पाहिजे. आपल्याकडील श्रोता एक तर भिडेखातर हसतो, नाही तर दुसऱ्या दिवशी फिर्याद करतो. आणि दोन्ही वेळी नवशिका चुकीचाच धडा घेऊन जातो.

तेव्हा 'ही पोरे हसवू शकत नाहीत' म्हणणाऱ्या सद्गृहस्थांस आमची विनंती आहे की, एक संध्याकाळ त्या तळघरात जाऊन बसावे. भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. हसू आले तर मनमुराद हसावे. न आले तर स्वस्थ बसावे, पण उठून जाऊ नये. तेवढ्या शांततेचा हिशेब घेऊन तो नवशिका घरी जाईल, आणि अधिक काही नाही तरी, एक शब्द उचलून वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवील.