एका कर्नेलास एकच कंपायलर

संगणकाच्या स्मृतीचे वाटप, प्रोसेसरचा वेळ आणि फायलींची व्यवस्था हा सर्व कारभार ज्या आज्ञावलीच्या हाती असतो, तिला कर्नेल म्हणतात. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा कर्नेल आज फोनपासून महासंगणकापर्यंत आढळतो. तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा यंत्राला समजेल अशा संकेतांत उतरविण्याचे काम कंपायलर करतो. कंपायलर, असेंब्लर आणि तुकडे सांधणारा लिंकर मिळून जो संच होतो, त्याला टूलचेन हे नाव आहे. एकाच कर्नेलचे काही भाग एका संचाने व काही दुसऱ्याने घडवावेत काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचे उत्तर मात्र निःसंदिग्धपणे ‘नाही’ असेच द्यावयास हवे.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाही. कोणती किंमत कोणत्या रजिस्टरमधून पाठवावी, कोणत्या घटकाने किती बाइट जागा व्यापावी, याविषयी एबीआय नावाचा करार ठरलेला असतो. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर तो पाळतात. मग दोघांच्या कामाची सरमिसळ झाली तर बिघडले कोठे? सामान्य आज्ञावलीच्या बाबतीत बहुधा काहीच बिघडत नाही. परंतु कर्नेल केवळ प्रमाण सी भाषेत लिहिला जात नाही. त्यात त्या त्या कंपायलरच्या खास सोयी वापरलेल्या असतात, आणि हाताशी कोणता कंपायलर आहे हे पाहून कर्नेलचा मूळ मजकूरच आपले रूप बदलतो. करार पाळला जातो खरा. पण दोन भिन्न मजकुरांच्या बाबतीत.

याचे बोलके उदाहरण लिनक्सच्याच इतिहासात आहे. एकाच वस्तूला दोन प्रोसेसरांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून कर्नेलमध्ये ‘स्पिनलॉक’ नावाचे कुलूप असते. यंत्रात प्रोसेसर एकच असेल तर या कुलपाची गरज उरत नाही. म्हणून अशा यंत्रासाठी त्याची रचना रिकामी, शून्य बाइटांची ठेवलेली होती. पण जीसीसीच्या जुन्या, दुसऱ्या मालिकेला रिकाम्या रचनेस आरंभीची किंमत देणे नीट साधत नसे. तेव्हा त्या कंपायलरपुरता रचनेत एक पूर्णांक घालण्यात आला, आणि त्याला ‘जीसीसी सदोष आहे’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. (कर्नेलकारांचा विनोद हा असा कोरडा असतो.) परिणामी तेच कुलूप जीसीसीच्या तिसऱ्या मालिकेत शून्य बाइट जागा घेई, तर दुसऱ्या मालिकेत चार. ज्या ज्या मोठ्या रचनेत ते बसविलेले असेल, तिच्यातील पुढचे सर्व घटक तेवढे सरकत. कर्नेल एका मालिकेने आणि त्यात मागाहून जोडावयाचे मोड्यूल दुसऱ्या मालिकेने घडविले, तर कर्नेल जेथे एखादा पत्ता ठेवी, तेथून चार बाइट अलीकडे वा पलीकडे मोड्यूल तो शोधीत असे.

येथे धोका असा की, चूक झाल्याचे कोणी सांगत नाही. पूर्वी ब्रॉडगेज आणि मीटरगेज असे दोन लोहमार्ग एकत्र येत, त्या स्थानकांवर माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे. तो खटाटोप मोठा, पण १.६७६ मीटर रुंदीच्या मार्गावरील डबा एक मीटरच्या मार्गावर चढविण्याची चूक तरी कोणाच्या हातून होत नसे. बाइटांचे तसे नाही. मोड्यूल आणि कर्नेल यांच्यात संरक्षक भिंत नसते. चुकीच्या जागी लिहिलेली किंमत निमूटपणे तेथे राहते आणि भलत्याच वेळी, भलत्याच कामात यंत्र बंद पडते.

हे ओळखूनच २००३ सालच्या २.६ या आवृत्तीत प्रत्येक मोड्यूलवर उमटविल्या जाणाऱ्या ठशात जीसीसीचा आवृत्तिक्रमांकही असे, आणि तो जुळला नाही तर कर्नेल मोड्यूल स्वीकारीत नसे. पुढे २००६ साली जीसीसीच्या दुसऱ्या मालिकेचा आधार सोडण्यात आला. ठशातील कंपायलरचा उल्लेखही कालांतराने गेला. आज बाहेरचे मोड्यूल वेगळ्या कंपायलरने घडवू लागल्यास केवळ एक सूचना पडद्यावर येते आणि काम पुढे चालू राहते. सूचना डोळ्यांआड करण्याची मनुष्याची सवय पाहता ही उदारता अंगलट येणारी आहे. ती सूचना म्हणजे ‘थांबा’ असा आदेशच मानावयास हवा.

दोष शोधण्याच्या दृष्टीनेही एकजिनसीपणाचे मोल मोठे आहे. जुलै २०१४ मध्ये प्रोसेसरांवरील कामाचा भार वाटणाऱ्या भागात लिनक्स कोसळू लागला. जीसीसी ४.९.० हा कंपायलर स्टॅकवर जागा राखून ठेवण्यापूर्वीच तेथे किंमत लिहीत होता, हे टॉर्वाल्ड्स यांनी यंत्रसंकेत वाचून दाखविले. मध्येच व्यत्ययसंकेत आला की ती किंमत पुसली जाणार, हे उघड होते. संशयित एकच असताना हा शोध इतका सूक्ष्म; दोन असते तर प्रथम कोणाकडे पाहावयाचे, येथूनच वाद सुरू झाला असता.

सरमिसळ सर्वस्वी टाळता येतेच असे नाही. २०२२ च्या डिसेंबरातील ६.१ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये रस्ट भाषेला प्रवेश मिळाला. तिचा कंपायलर क्लँगप्रमाणेच एलएलव्हीएमवर उभारलेला आहे. म्हणून सी भाषेचा भाग जीसीसीने घडविला तर दोन घराणी एकत्र नांदणारच. पण ही कारणपरत्वे, जाणूनबुजून स्वीकारलेली तडजोड होय. हाताशी जो कंपायलर सापडला तो वापरला, या निष्काळजीपणाशी तिची बरोबरी होत नाही.

कर्नेल स्वतः पुन्हा घडविताना कंपायलर बदलल्याचे त्याची बांधणी-व्यवस्था आता ओळखते आणि सर्व तुकडे नव्याने तयार करते. खरी अडचण बाहेरून येणाऱ्या मोड्यूलांची, उदाहरणार्थ चित्रपत्रिका किंवा जाळेपत्रिका चालविणाऱ्या ड्रायव्हरांची. चालू कर्नेल कोणत्या कंपायलरने घडला हे ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘व्हर्जन’ या फायलीत लिहिलेले असते. ती एक ओळ वाचावयास क्षणभर पुरतो; आणि क्रमांक जुळत नसेल तर तोच कंपायलर मिळवावा, नाही तर कर्नेलसह सर्व काही नव्याने घडवावे.