पांढरी वाट आणि आपली पांदण

कार्तिक पौर्णिमा उलटली की मराठवाड्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चातुर्मासासाठी एका गावी स्थिरावलेले साधू-साध्वी पुन्हा विहाराला निघतात आणि पावसाळाभर चिखलाने बंद पडलेल्या शेतवाटा वाळून, घट्ट होऊन वापरात येतात. हा निव्वळ योगायोग नव्हे. ओल्या भूमीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक, म्हणून वर्षावास. भूमी कोरडी झाली की विहार. ज्या वाटांसाठी हा नियम घडला त्या वाटा मातीच्या होत्या. आज विहार मात्र बहुतांशी डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांच्या कडेने होतो आणि विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाला नवीन राहिलेल्या नाहीत. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला निर्धास्तपणे जाता येईल अशी वाट आपल्या परिसरात उरली आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही.

या प्रश्नाचा विचार जगात इतरत्रही झाला आहे, विशेषतः भूमध्य सागराच्या काठावरील देशांत. स्पेनमध्ये गाड्या बंद झालेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उखडून त्या जागी पादचारी व सायकलस्वारांसाठी ‘हरित मार्ग’ करण्याचा कार्यक्रम 1993 साली सुरू झाला. आज अशा मार्गांची लांबी 3,000 किलोमीटरहून अधिक आहे. मोटारींना तेथे प्रवेश नाही. रेल्वेसाठी आखलेल्या वाटेचा चढ मुळातच सौम्य, त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच चालीने जाऊ शकतात. यांपैकी हाएन शहरापासून निघणारा 128 किलोमीटरचा मार्ग ‘तेलाचा हरित मार्ग’ म्हणून ओळखला जातो, कारण एके काळी त्यावरून ऑलिव्हच्या तेलाची वाहतूक करणारी आगगाडी धावत असे. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्या बागा, मधूनच दरीवरचे जुने लोखंडी पूल, आणि जुन्या स्थानकांच्या काही इमारतींत आता उपाहारगृहे. मालगाडी गेली, पण वाट राहिली आणि वाटेबरोबर गावांचा थोडा व्यापारही राहिला.

इटलीतील टस्कनी प्रांताची कथा आणखी बोलकी आहे. द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या तेथील खडीच्या रस्त्यांना त्यांच्या रंगावरून ‘पांढरे रस्ते’ म्हणतात. हे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या रक्षणाचा हेतू मनात धरून 1997 साली गायोले या लहानशा गावातून जुन्या सायकलींची एक फेरी निघाली. पहिल्या वर्षी स्वार होते अवघे 92. पुढे त्या फेरीला जगभरातून हजारो लोक येऊ लागले आणि 2007 पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत भरू लागली. सिएना येथील 1472 साली स्थापन झालेल्या, जगातील सर्वांत जुनी मानल्या जाणाऱ्या बँकेने आरंभीच्या काळात त्या शर्यतीला आपले नाव दिले होते. वाट वाचली ती तिच्यावर चाके फिरत राहिली म्हणून.

नवीन जालन्यातील व्यापारी कुटुंबाला हे वर्णन वाचून स्पेन-इटलीची तिकिटे काढावीशी वाटतील. त्यात गैर काही नाही. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण नावाचे एक व्रत आहे, हेही आठवावे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा माणसाने स्वतःच घालून घ्यावी, हा त्याचा आशय. त्याची दुसरी बाजू अशी की, मर्यादेच्या आत काय आहे ते आधी नीट पाहावे.

मर्यादेच्या आत आपली पांदण आहे. गावगाड्यात वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’. पांढरीला काळीशी जोडणारी बैलगाडीची वाट म्हणजे पांदण. गावच्या नकाशावर ग्रामीण गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. पायमार्ग एकेरी तुटक रेषेचा, सव्वाआठ फुटांचा. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील जुने-नवे जालना मागे टाकले, लोखंडी सळया वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता ओलांडला आणि घाणेवाडीच्या जलाशयाच्या बाजूला किंवा कोणत्याही शिवाराकडे वळले की या वाटा भेटू लागतात. हाएनला ऑलिव्ह, तशी जालन्याला मोसंबी. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. आंबे बहाराच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, बागेच्या कडेने सकाळी सायकल जाते तेव्हा फुलांचा जो गंध येतो, तो कोणत्याही परदेशी वाटेपेक्षा उणा नाही.

‘ग्रॅव्हल सायकल’ हे नाव नवे आहे, वस्तू तितकी नवी नाही. या सायकलीचे टायर साधारण 38 ते 45 मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा बेताची भरतात, म्हणजे खडीवर पकड राहते व हादरा कमी बसतो. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीचा टायर 28 बाय दीड इंचाचा, म्हणजेच जवळपास 38 मिलिमीटरचा. कॅरिअरला गाठोडे बांधून आठवडी बाजार करणारे आणि उधारीच्या वसुलीला खेड्यापाड्यांतून फिरणारे मागच्या पिढीतील व्यापारी याच सायकलीवर, याच पांदणींनी जात. त्यांना तो व्यायाम वाटला नाही की पर्यटन. पण गिऱ्हाइकाच्या शेतात यंदा कापूस कसा आहे हे त्यांना वहीच्या आधी वाटेवर कळत असे. आज गादीवर बसून मोबाइलवर भाव पाहणाऱ्या पिढीला पाऊस किती पडला ते समजते. तो कोणाच्या शेतात साचला ते समजत नाही. तेव्हा आरंभ करण्यासाठी लाखाची सायकल घ्यावी असे मुळीच नाही. परिग्रह वाढवून मिळवलेले आरोग्य हा तोट्याचाच सौदा. घरातील धडधाकट सायकल, रुंद टायर, बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे साहित्य आणि सोबत उकळलेले पाणी एवढे भांडवल पुरे.

येथे एखादा जाणता श्रावक योग्य शंका घेईल. मातीच्या वाटेवर जीव अधिक. केवळ आनंदासाठी त्यांवरून चाके फिरवणे हा अनर्थदंड नव्हे काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर यतनेत आहे. ईर्यासमिती सांगते की, पुढची सुमारे चार हात भूमी दृष्टीने पाहून पाऊल टाकावे. सायकलस्वाराला नजर त्याहून दूरवर ठेवावी लागते आणि वेग नजरेच्या ताब्यात ठेवावा लागतो. पावसाळ्यात या वाटांवर जाऊ नये. काळ्या मातीचा चिखलही चाके धरून ठेवून हेच सांगतो. अंधारात जाऊ नये. गवताच्या कडेने न जाता मळलेल्या चाकोरीतूनच जावे. सूर्योदयाला निघून नवकारसीच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी, एखाद्या झाडाखाली थांबून पच्चक्खाण पारावे आणि परतावे. वेग हा ज्याचा हेतूच नाही अशा सायकलीला हे नियम जाचक ठरत नाहीत.

दुसरी शंका शेतकऱ्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. शहरी माणसाला कच्ची वाट रम्य वाटते. परंतु पेरणीच्या दिवसांत बियाणे-खताची गाडी चिखलात रुतते, मोसंबी वेळेवर बाजारात पोहोचत नाही, आजाऱ्याला बाजेवर घालून आणावे लागते, ते शेतकऱ्याला. त्याच्या गैरसोयीवर आपली सकाळची रम्यता उभी राहू नये. टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर चालतातच. दगडाचा भर, वर दाबलेला मुरूम आणि दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणारे चर एवढे असले की पांदण बारमाही होते आणि तरीही भरधाव गाड्यांना मोह पाडत नाही. राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये याच कामासाठी आणली.

खरे संकट चिखलाचे नसून अतिक्रमणाचे आहे. दर हंगामाला नांगराचा एक तास वाटेत सरकतो, बांध पुढे येतो आणि एकवीस फुटांची वाट सहा फुटांवर येऊन थांबते. कायदा याबाबतीत मुका नाही. पूर्वापार वहिवाटीच्या वाटेत अडथळा केला गेला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. परंतु वहिवाट सिद्ध व्हायची तर वहिवाट असावी लागते. ज्या खात्यावर वर्षानुवर्षे व्यवहार होत नाही ते खाते निष्क्रिय ठरते, हा बँकेचा नियम वाटेलाही लागू पडतो. बैलगाडी कमी झाली, माणसे दुचाकीने डांबरी रस्त्याने जाऊ लागली आणि पांदणीच्या खात्यावरील व्यवहार थांबले.

ते पुन्हा सुरू करणे फार अवघड नाही. रविवारी चार-दोन कुटुंबांनी मिळून एकेका वाटेने जावे. शेतमालकाशी राम राम करावा, मुलांना पिकांची नावे विचारावीत, प्लॅस्टिकचा कपटाही मागे ठेवू नये. कोणती पांदण चालती आहे, कोणती बुजली आहे, कोठे पाण्याची व सावलीची सोय आहे, याची नोंद एका वहीत ठेवावी. ही वही सायकलस्वारांच्या उपयोगाची आहेच. पण जालन्याहून पुढच्या क्षेत्राकडे विहार करणाऱ्या साधू-साध्वींसाठी आणि त्यांच्या सोबत चालणाऱ्या श्रावकांसाठी ती अधिक मोलाची ठरेल. समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटरचे अंतर काही तासांवर आणले, ही व्यापाराच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. मात्र त्यावर सायकलला आणि पायी चालणाऱ्याला जागा नाही. ज्याला हळू जायचे आहे त्याचीही वाट जिवंत राहावी, एवढी काळजी समाजाने वाहिली, तर येत्या कार्तिकात विहाराला निघालेल्या पावलांना महामार्गाची कडा सोडून निदान काही कोस तरी मातीची, शांत वाट लाभेल.